ठकूआत्याच्या काचा

सुरुवातीलाच क्षमा मागतो. या पुरवणीत ज्यांच्या आठवणी छापून येतात ती माणसं नावाजलेली असतात आणि लिहिणाऱ्यांचा हातही सरावलेला असतो. माझ्या आत्याला अक्षरओळख नव्हती. आमच्या चार डोंगरांपलीकडे तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. आणि मी... आमच्या घरात शाईला हात लावणारा मीच पहिला, त्यामुळे काय लिहावं आणि काय गिळावं हे सांगणारं मला कुणी नाही. दोनदा लिहून फाडलं. तरी लिहितो आहे, कारण आत्या जाऊन सहा आठवडे झाले आणि इतके दिवस एकच प्रश्न मला धड जेवू देत नव्हता. तिच्या हातावरची जखम मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. ती म्हणाली ते खरं मानून मी पुण्याला निघून आलो. मग ती गेली कशाने?

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला आमचा सात-आठ घरांचा धनगरवाडा आहे. म्हशी, थोड्या गाई, शेळ्या. खवा आणि लोणी खाली उतरवायचं, तांदूळ आणि मीठ वर चढवायचं, असा आमचा संसार. ठकूआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा तीन शेळ्या पुढे घालून ती भावाच्या दारी परत आली आणि शेजारीच झोपडं घालून राहिली. तिची ख्याती डाग देण्यात होती. जनावर फुगलं, लंगडलं, रवंथ करीनासं झालं की माणूस आधी आत्याकडे धावायचा. ती निखाऱ्यात सळई लाल करायची, जनावराच्या कानाशी तोंड नेऊन "सोस बाई, सोस" म्हणायची आणि नेमक्या जागी टेकवायची. जगलं तर ठकूबाईचा हातगुण, मेलं तर त्याचं आयुष्यच तेवढं, असं सगळे म्हणत. आत्या मात्र तसं म्हणायची नाही. जनावर मेलं की बाकीचे उठून जात. ही तिथेच बसून राही. नाकातून रक्त आलंय का, मांडी सुजलीय का, गळा फुगलाय का, हे बघत राही. लहानपणी मला तिची भीती वाटायची. एकदा मी विचारलं, "मेल्यालं काय बघतीस?" ती म्हणाली, "कालचं येगळं मेलं, ह्ये येगळं मेलं. डाग त्योच, मंग मरान येगळं कसं?" तिचा हा प्रश्न किती मोठा आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तेही अर्धंच.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या भागात जनावरं पटापट पडायला लागली. संध्याकाळी चरून आलेली म्हैस सकाळी ताठ. तेव्हा पुण्याहून गुरांचे डॉक्टर आले. सरकारी प्रयोगशाळेत जनावरांच्या साथींवर त्यांचं संशोधन चालतं. डोक्यावर हॅट, मागे पेटी घेतलेला माणूस. लढाईचे दिवस, त्यामुळे साहेब पलटणीसाठी म्हशी धरून न्यायला आला अशी हूल उठली आणि वाड्यातल्या लोकांनी सगळी जनावरं रानात पिटाळली. राहिली एकटी आत्या, कारण तिची एक शेळी दारातच पाय झाडत पडली होती. मी सुट्टीला आलेलो, तेवढा मी होतो.

"तू ढोरडाक्तर व्हय?" आत्या म्हणाली. तिने आयुष्यात कुणाला अहो-जाहो केलं नाही. "मंग ही शेळी उठीव."

"बाई, ही आता उठायची नाही."

"येवढं तर मलाबी कळतंय. त्याला पुन्यासनं कशापायी आलास?"

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर हसले आणि तिथेच मातीत मांडी घालून बसले. त्यांनी जे सांगितलं ते मी आत्याला आमच्या बोलीत फोडून सांगितलं. काळपुळी, घटसर्प आणि फऱ्या असे तीन रोग इकडे आहेत. तिन्ही जनावर झटक्यात मारतात, पण तिघांचे जंतू वेगळे आणि लसही वेगळी. कोणता रोग कुठल्या उतारावर आहे हे कळलं तर योग्य ती लस आधीच टोचता येईल. त्यासाठी मेल्यावर लगेच कानाचं थेंबभर रक्त हवं. पण त्यांना निरोप मिळून ते डोंगर चढेपर्यंत गिधाडांनी सगळं साफ केलेलं असतं. शिवाय आमची चराई काही इंग्रजी मुलखात, काही भोर संस्थानात. संस्थानच्या हद्दीत जायचं तर डॉक्टरांना दरबारची परवानगी काढावी लागे, आणि परवानगी येईपर्यंत हाडंही उरत नसत.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला आधी बोलावत्यात, तुला मागनं. आन् मला कुनाची परवानगी लागत न्हाई. काय ते रगात म्या देते." जरा थांबून पुढे म्हणाली, "पर डाग बंद करनार न्हाई. डाग माझा, काच तुझी."

डॉक्टरांनी डागण्यावरून वाद घातला नाही. दुसरा कुणी असता तर तिथेच अडाणीपणावर व्याख्यान दिलं असतं. मी स्वतः दिलं असतं, तेव्हा मला तसा ताठा होता. डॉक्टरांनी पेटीतून काचेच्या पट्ट्या काढून तिच्या पदरात घातल्या. थेंब कसा पसरायचा, सावलीत कसा वाळवायचा, हे दाखवलं. मेलेलं जनावर कापायचं नाही, काळपुळीचं रक्त मातीत सांडलं तर ती माती वर्षानुवर्षं विषारी राहते, आणि हात घासून धुवायचे, हे तीन-तीनदा सांगितलं.

पहिल्या खेपेची फजिती मी विसरणार नाही. महिन्याभराने आत्याने पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला, मी तो पुण्यात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उघडला तर आत पानात बांधलेला खव्याचा गोळा, आणि काचा अशा लखलखीत की त्यात तोंड दिसावं. रक्ताचा मागमूस नाही. आत्याने सगळ्या काचा राखेने घासून, धुऊन, पुसून धाडल्या होत्या. पुढच्या वेळी मी तिच्यावर चिडलो तर तीच उलट माझ्यावर उखडली. "मंग? लोकाची वस्तू खरकटी परत धाडायची? ह्येच शिकवत्यात व्हय पुन्याला? आन् खवा खाल्ला का न्हाई त्यानं?" आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं किंवा खरकटं परत जात नाही. तिच्या लेखी काचही भांडंच होती. खवा डॉक्टरांनी खाल्ला होता. त्यांनी निरोप दिला, "ठकूबाईंना सांगा, मला हे खरकटंच हवंय." आत्या कितीतरी वेळ हसत राहिली. पण भल्या माणसाच्या घरी रक्ताळलेली वस्तू उघडी धाडायला तिचं मन होईना. तेव्हापासून ती डबा फडक्यात घालून चहूबाजूंनी शिवून टाके आणि मला बजावी, "वाटंत उघडू नगंस." मी तो कधी उघडला नाही. गाठी डॉक्टरच कात्रीने कापत, माझ्या पाठीमागे.

पुढची दोन वर्षं ती या डोंगरावरून त्या डोंगरावर हिंडली. डाग द्यायला बोलावणं येई, ती सळई आणि काच दोन्ही घेऊन जाई. जनावर जगलं तर काच कोरी परत. मेलं तर कानाला टाचणी. कुठलं जनावर कुठे मेलं, ते मी तिच्याकडून ऐकून डॉक्टरांना तोंडी सांगे. डॉक्टर एकदा मला म्हणाले, "मी नोकरीला लागल्यापासून इतके ताजे नमुने मला कुणी दिलेले नाहीत." हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मंग मरान येगळं का, ते कळलं का त्याला?" कळत होतं. झऱ्याकडच्या उतारावर काळपुळी, खालच्या पाणथळीत घटसर्प, असं कागदावर उमटायला लागलं होतं. गेल्या साली त्या-त्या जागच्या जनावरांना ती-ती लस टोचली गेली. आमच्या म्हशी राहिल्या त्या त्यामुळे, असं मी मानतो.

पण याची किंमत तिने वाड्यात मोजली. आमच्याकडे शेळी मरायला टेकली की तिच्यावर सुरी फिरवतात आणि घरटी वाटा धाडतात. आत्या आडवी यायला लागली. कोंडीबाच्या शेळीपाशी ती चक्क पाय पसरून बसली. कोंडीबा आमचा शेजारी, जिभेचा तिखट. "काचंवाली झालीस, आता आमच्या तोंडचा घास काढतीस व्हय गं?" तो ओरडला. आत्या म्हणाली, "तुझं तोंड लई वंगाळ हाय कोंडीबा, पर ते मेल्यालं मला बघायचं न्हाई." लोक हसले. शेळी पुरली गेली. पण त्यानंतर वर्षभर, चांगल्या धडधाकट बोकडाचाही वाटा आत्याच्या झोपड्याकडे आला नाही. वाटा न येणं म्हणजे काय, हे आमच्यात वाढलेल्यालाच समजेल. ती कुणाजवळ बोलली नाही. फक्त एकदा, मी जेवत असताना, "आज खाली बोकड पडला जनू... वास आला," एवढंच म्हणाली.

आता शेवटच्या भेटीबद्दल. इथे माझं मन अडतं.

पाडव्याला मी दोन दिवस घरी गेलो. आठवड्यावर परीक्षा होती. खरं तर जायला नको होतं, पण खोलीत बसून नुसती धडधड होत होती. वर पोचलो तर कळलं, चार-पाच दिवसांत कोंडीबाच्या दोन शेळ्या आणि एक म्हैस गेली होती. नवीन विकत आणलेली जनावरं, त्यांना लस नव्हती. शेवटी कोंडीबा स्वतः आत्याला बोलवायला आला होता. आत्याने रक्त घेतलं होतं, डबा शिवून तयार होता. तिच्या उजव्या मनगटाला हळदीचं फडकं होतं.

"काय झालं?"

"चटका. सळई लागली."

"बघू."

"बघ की. कालिजात हात बघायलाबी शिकवत्यात का?"

तिने फडकं सोडलं. मनगटाच्या वर काळी खपली होती आणि भोवती चांगलीच सूज. मी तिचा हात हातात धरून उजेडाकडे वळवला, बोटाने कडा दाबून पाहिली. माझ्या मनात काहीतरी आलं होतं, पण ते शब्दांत येईना. शिकलेला मी, विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. ती म्हणाली, "झालं बघून? परीक्षा माझी हाय का तुझी?" मी हसलो आणि फडकं परत बांधलं. निघताना तिने डबा माझ्या पिशवीत स्वतः ठेवला. "ह्यो पयला डाक्तरला दे, मंग पुस्तक उघड." उतारावरून खाली आलो तर वरून पुन्हा हाक आली, "धोंडू, पयला डबा!"

मी पुण्यात उतरलो तसा प्रयोगशाळेत गेलो. डॉक्टर साथीच्या दौऱ्यावर लांबच्या जिल्ह्यात गेले होते. शिपाई म्हणाला, "ठेवतो टेबलावर, साहेब आले की बघतील." मी डबा दिला आणि पुस्तक उघडलं. तिने सांगितलं होतं त्या क्रमाने.

दोन दिवसांनी अभ्यास सुचेना म्हणून ग्रंथालयात बसलो आणि हात आपोआप जंतूंवरच्या पुस्तकाकडे गेला. काळपुळी माणसालाही होते, हे मला माहीत होतं. कशी दिसते हे माहीत नव्हतं. मधे काळी खपली, भोवती सूज, आणि दुखत नाही. त्या शेवटच्या दोन शब्दांवर माझा डोळा खिळला. भाजलेलं तर दुखतं! मी कडा दाबली तेव्हा आत्याने हात मागे घेतला होता का? मला आठवेना. किती आठवून पाहिलं... ती माझ्याकडे बघत होती एवढंच आठवे. मी लगेच खालच्या गावातल्या शाळेच्या गुरुजींना कार्ड टाकलं, वाड्यावर जाऊन आत्याला विचारा, हात दुखतो का, आणि उलट टपाली कळवा. चार दिवस मी टपालवाल्याची वाट पाहिली. पेपर दिले, त्यात काय लिहिलं ते देवाला ठाऊक. पाचव्या दिवशी गुरुजींचं सुरेख अक्षरातलं कार्ड आलं: "आपल्या आत्याबाईंचा हात मुळीच दुखत नाही असे त्या सांगतात. काळजी नसावी. अभ्यास करावा."

वसतिगृहाच्या पायरीवर मी 'मुळीच दुखत नाही' हे शब्द पुन्हा वाचले. मी प्रयोगशाळेत धावलो, डॉक्टर आले नव्हते. इस्पितळात गेलो, तिथे म्हणाले, रोग्याला घेऊन या, औषध आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा शेवटचा पेपर होता. हे लिहिताना लाज वाटते... मी तो पेपर दिला. तिथून उठलो तो पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर धावणारी मोटार धरून नसरापूरला उतरलो. ती मोटार चढावर तीनदा थांबली. नसरापूरच्या फाट्यावर माझे वडील उभे होते. मला आणायलाच पुण्याला निघाले होते. डोक्यावर पागोटं नव्हतं. ते बघूनच मला कळलं.

"परवा," ते म्हणाले. "ताप चढला, गळ्यापातुर सूज आली, दोन दिसांत गेली. तुला कळवू देईना. म्हनली, त्याचं लिवनं हू द्या."

दहाव्यापर्यंत मी वाड्यात होतो. कुणी म्हणे चटका चिघळला, कुणी म्हणे उन्हाचा ताप, कुणी म्हणे काचेचा नाद लावला म्हणून देवीने नेलं. कोंडीबा मात्र तिच्या शेळ्यांना रोज पाणी दाखवत होता. वडिलांनी मला एकदाच विचारलं, "तू बगितला व्हतास न्हवं हात? काय व्हतं?" मी म्हणालो, "चटका." दुसरं काय म्हणणार? मलाच खात्री नव्हती. चटकाच असेल, तर मी निर्दोष. नसेल, तर माझ्या हातात तिचा हात असताना मी तो सोडून दिला. आत्याला तरी ठाऊक होतं का? की तिलाही तो चटकाच वाटत होता? हे विचारायला आता कुणी नव्हतं. सुट्टी लागली तरी मी पुण्याला परत आलो, तिच्या झोपड्यासमोर बसवेना.

परवा शिपाई चिठ्ठी घेऊन वसतिगृहावर आला. साथ लांबली होती, डॉक्टर सात आठवड्यांनी नुकतेच परतले होते. आत्याचं त्यांना काही कळलेलं नव्हतं. ते कसं सांगावं याची वाक्यं जुळवतच मी गेलो. पण मी दारात दिसताच तेच बोलू लागले.

"बरं झालं आलात. ठकूबाईंचा डबा आजच उघडला, कधी आला ते शिपायाला आठवत नाही. हे पाहा." टेबलावर चार काचा ओळीने मांडल्या होत्या, आणि प्रत्येक काचेपाशी केसांचा एकेक झुबका. मी बघतच राहिलो. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही? त्यांना लिहिता येत नाही ना, म्हणून ज्या जनावराचं रक्त त्याचे केस काचेला बांधून धाडतात. डबा शिवून यायला लागला तेव्हापासून. आजवर एकदाही चूक नाही. हे म्हशीचे, हे दोन शेळ्यांचे. तिन्हींत काळपुळी. पण हे चौथं जनावर कोणतं, ते मला उलगडेना. घोड्याचं म्हणावं तर केस फार मऊ आहे. वाड्यावर पांढरं घोडं आहे का?"

वाड्यावर घोडं नाही. तो केस हातभर लांब होता, पांढरा, बोटाला गुंडाळून मग काचेवर व्यवस्थित गाठ मारलेला. त्याला अजून लोण्याचा वास होता. आमच्या वाड्यात केसांना लोणी लावणारी एकच बाई होती.

डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. "जंतू इथेही आहेत," ते म्हणाले. "जखमेतलं पाणी घेतलंय, कानाचं रक्त नव्हे. म्हणजे हे जनावर तेव्हा जिवंत होतं. ठकूबाईंना शंका आली असली पाहिजे, म्हणून मरायची वाट न बघता त्यांनी मला विचारलंय. जिवंतपणी औषध दिलं तर यातलं एखादं वाचतं. तुम्ही आजच निघा. त्यांना सांगा, हे जनावर वेगळं बांधा, आणि त्याला हात लावू नका."